परत आलेल्या चक्क्या

निशात बुधवारीच घरी आली, तेव्हा जलालुद्दीनच्या मनात पाल चुकचुकली. मुलगी गडचिरोलीला नोकरीला. यायची ती शनिवारी संध्याकाळच्या एसटीने, अम्मीसाठी काही ना काही खायला घेऊन. आज ती रिकाम्या हाताने आली, घरी न जाता थेट दुकानात आली, आणि वेल्डिंग चालू असताना लांब उभं राहायचं भानही तिला राहिलं नाही. जलालुद्दीनने मशीन बंद केली आणि तोंडावरची काच वर सारली.

"काय झालं बेटा? नोकरी गेली का?"

"नोकरी नाई गेली अब्बा. तुमची चक्की गेली."

तिने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर एक रेखाचित्र होतं. जलालुद्दीनने खिशातून चष्मा काढला आणि बोटाने चित्र मोठं करून पाहिलं. बसायची फळी, फळीवर दोन खरबरीत लोखंडी चकत्या, वरच्या चकतीला दांडा आणि खालच्या चकतीच्या पोटात सायकलच्या सीटची स्प्रिंग. चकत्यांभोवती पत्र्याचा एक उभा ओठही काढला होता, दाणे बाहेर उडू नयेत म्हणून.

"अरे वा! चांगली काढली हाये," तो खूश होऊन म्हणाला. "तूच काढली का?"

निशातने कपाळावर हात मारला. मग तिने सांगितलं. नागपूरच्या एका कंपनीने या चक्कीचं पेटंट मागितलं होतं. अर्ज सरकारी पत्रिकेत जाहीर झाला होता. पेटंट मिळालं, तर ही चक्की बनवायचा आणि विकायचा हक्क वीस वर्षं त्या कंपनीचा. परवानगीशिवाय बनवणारा कायद्याने दोषी, मग तो मुलचेऱ्याचा जलालुद्दीन का असेना.

जलालुद्दीन स्टुलावर बसला. ही चक्की त्याने रुखमाबाईसाठी बनवली होती. गोमणीच्या पुढे, जंगलात वीसेक घरांचा टोला आहे, रुखमाबाई तिथली. लकव्याने तिचा डावा हात गेला. उन्हाळ्यात रानातली चारं गोळा करायची, बिया धुऊन वाळवायच्या आणि फोडून आतली चारोळी काढायची, हे त्या भागातल्या बायांचं वर्षाचं मोठं काम. एका हाताने ते होत नाही. बी धरायची कुणी आणि दगड मारायचा कुणी? दगड जोरात बसला की दाण्याचा चुरा होतो आणि चुऱ्याला बाजारात कोणी विचारत नाही. रुखमाबाई एकदा विळ्याला मूठ बसवायला दुकानात आली, तेव्हा तिने हे हसत हसत सांगितलं, आणि जलालुद्दीनची झोप उडाली. पावसाळाभर तो चकत्या घासत आणि मोडत राहिला. बिया लहानमोठ्या, म्हणून चकत्यांमधली जागा ठरेना. शेवटी सीटची स्प्रिंग सुचली. मोठी बी आली की खालची चकती आपोआप दबते, टरफल फुटतं, दाणा शाबूत. फळीवर बसलं की आपल्याच वजनाने चक्की घट्ट राहते आणि फिरवायला एक हात पुरतो.

आता याचं पेटंट आधीच घ्यायला काय झालं होतं, असं कोणीही विचारेल. निशातने विचारलं होतंच. तिची नोकरीच ती. गडचिरोलीच्या एका केंद्रातर्फे ती या जंगलातल्या तालुक्यांमधून हिंडायची आणि लोकांना देशाचं नवं धोरण समजावून सांगायची. देश नव्या कल्पनांवर पुढे जाणार असेल, तर ज्याची कल्पना त्याचं नाव तिच्यावर राहिलं पाहिजे, नाहीतर डोकं आपलं आणि मालकी दुसऱ्याची, असं ती जिवतीच्या डोंगरातही सांगून आली होती. आधी अर्ज, मग दाखवणं, हे तिचं पालुपद. घरी आली की बापालाही तेच. बाप म्हणायचा, बघू. तो ताजिया झाल्यावर बघू म्हणाला, दिवाळीची गर्दी सरल्यावर बघू म्हणाला, आणि त्या बघूत अडीच वर्षं गेली.

"अब्बा, दुकानात कोणी आलं होतं का? कंपनीचं? फोटो काढले कोणी?"

जलालुद्दीनने मान खाली घातली. आलं होतं. मागच्या उन्हाळ्यात पांढऱ्या गाडीतून एक गोड बोलणारा तरुण आला होता. चक्की पाहून त्याने तोंडभर स्तुती केली आणि मापं घेऊ का, असं अदबीने विचारलं. जलालुद्दीनने घेऊ दिली. घेऊ दिली कसली, टेपचं दुसरं टोक त्याने स्वतः धरलं. वर दोन चहा पाजले. तो गेल्यावर बायकोला, जाहिदाला, सांगितलंही, की आजकालच्या पोरांत इतका नम्रपणा दिसत नाही.

यात त्याला गैर वाटण्याचं कारण नव्हतं. चंद्रपुरात रईस उस्तादांच्या हाताखाली तो हे काम शिकला, आणि त्या दुकानाचा कायदाच तो होता. दुसरा कारागीर माप घ्यायला आला, फर्मा मागू लागला, म्हणजे पत्र्यावर कापलेला नमुना मागू लागला, तर त्याला नाही म्हणायचं नाही. आपणही कुणाच्या तरी फर्म्यावरच हात बसवलेला असतो. नवीन अवजार केलं की पहिला हंगाम ते लोकांना नुसतं वापरायला द्यायचं, हाही उस्तादांचाच कायदा. मुलचेऱ्यात, आष्टीत, अहेरीकडे आजही जुने कारागीर असंच वागतात. चोर चहा पिऊन जाईल, ही शंका या कायद्यात कुठे बसवलेली नव्हती.

संध्याकाळी जाहिदाने हे सगळं ऐकलं आणि भाकरी थापता थापता नवऱ्याचा उद्धार केला. या घरात अर्धी हिंदी आणि अर्धी झाडीची बोली चालायची, पण रागावली की जाहिदा पक्की झाडीचीच बोलायची.

"घर उचलून द्या आता! त्याचंही माप घ्याले येईन कोणी, तं टेप धरा!"

"अम्मी, थांब ना," निशात म्हणाली. "रस्ता हाये. दोन रस्ते हायेत."

नागपूरच्या एका वकिलांशी ती बोलली होती. कंपनीच्या अर्जाला हरकत घेता येते, आणि वकिलांनी ती दोन प्रकारे मांडून ठेवली होती. एक म्हणजे, ही चक्की आधीपासूनच लोकांच्या वापरात होती, सगळ्यांनी पाहिलेली होती, असं सिद्ध करायचं. मग पेटंट कोणालाच मिळत नाही. कंपनीला नाही आणि जलालुद्दीनलाही नाही. दुसरा प्रकार म्हणजे, चक्की फक्त दुकानात होती, कोणाकडे गेली नव्हती, आणि कंपनीच्या माणसाला ती विश्वासाने दाखवली, त्याने विश्वासघात केला, असं सांगायचं. ते टिकलं, तर पेटंट जलालुद्दीनच्या नावावर होऊ शकतं. शोधकर्ता म्हणून सरकारच्या दफ्तरात त्याचं नाव. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, म्हणून सुनावणीपर्यंत एक सोडावी लागेल.

"वकिलानं विचारलं, चक्की कोणाकडं गेली होती का," निशात म्हणाली. "मी म्हटलं, अब्बाले विचारून सांगते."

तिला माहीत होतं. याच घरात लहानाची मोठी झालेली मुलगी ती. चक्की टोल्यावर आहे, आसपासच्या गावांतही आहेत, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने प्रश्न विचारला आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काय आहे ते जलालुद्दीनला वाचता येत होतं. एकदा तरी, अब्बा, एकदा तरी तुमचं नाव लागू द्या.

आणि इथे जलालुद्दीनला साधुसंत ठरवायचं कारण नाही. नाव त्यालाही हवं होतं. चाळीस वर्षांत त्याने लोखंडी पट्ट्या वाकवून किती जणांची नावं घडवली असतील! शाळेच्या फाटकावर देणगीदारांची, बोअरवेलच्या कठड्यावर पुढाऱ्यांची, बसायच्या बाकांवर कुणाच्या स्वर्गवासी आईवडिलांची. प्रत्येक अक्षर त्याच्या हातचं आणि त्यात त्याचं एकही नाही. तो कधी बोलला नाही, पण माणूस बोलत नाही म्हणून त्याला वाटत नाही असं थोडंच असतं?

"रुखमाबाईले सांगून पाह्यतो," तो म्हणाला. जाहिदाने भाकरी उलटायची थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो जुन्या मोटारसायकलवर टोल्यावर गेला. चारोळीचा ऐन हंगाम होता. रुखमाबाई ओसरीत फळीवर बसून उजव्या हाताने दांडा फिरवत होती. त्याला पाहून ती हसली, लेकीला हाक मारून तिने काळा चहा करायला सांगितला. चहा संपेपर्यंत जलालुद्दीन पाण्याबद्दल, हत्तींबद्दल, रस्त्याबद्दल बोलत राहिला. मग एकदाचं त्याने सांगितलं. कंपनीचं सांगितलं, नावाचं सांगितलं.

"मंग चांगलं हाये ना भाऊ," रुखमाबाई म्हणाली. "तुमचं नाव लागलंच पाह्यजे. मले काय कराचं हाये?"

"कोणी विचाराले आलं, तं म्हणाचं का चक्की तुमच्याकडं नव्हती. पाह्यलीच नाई."

"पाह्यलीच नाई!" ती खळखळून हसली. मग तिचं हसू हळूहळू विरलं. "पंडुमात ठेवली होती भाऊ आपण."

ते त्यालाही आठवत होतं. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. तो झाल्याशिवाय रानातलं नवं फळ टोल्यावर कोणी तोंडात घालत नाही. दोन वर्षांपूर्वी चारांच्या पंडुमाला गावदेवापुढे नव्या फळांशेजारी रुखमाबाईने आपली नवी चक्की ठेवली होती. वारलू गायताने, म्हणजे गावदेवाची पूजा करणाऱ्याने, तिला हळद लावली, आणि मग म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्या गावाने एकेकदा दांडा फिरवला. जलालुद्दीनला मुद्दाम बोलावणं होतं. पानावरचा प्रसाद त्याने तिथेच बसून खाल्ला होता.

रुखमाबाई गावदेवाच्या झाडांकडे थोडा वेळ बघत राहिली.

"देवाले मी सांगीन," ती म्हणाली. "तो समजून घेईन. पण चक्की तुम्ही घेऊनच जा. घरात राह्यली तं तोंडातून निघून जाईन."

"सुनावणी होतवरच, बाई. निशात म्हणते, साल लागन, जास्तही लागन."

"बरं."

तिने लेकीला हाताशी घेऊन चक्की स्वतः पोत्यात बांधून दिली. जलालुद्दीनने ती गाडीला दोरीने आवळली. निघताना मागे वळून पाहिलं, तर रुखमाबाईने एक चपटा दगड पायांच्या अंगठ्यांत धरला होता, त्यावर एक बी ठेवली होती आणि उजव्या हातात दुसरा दगड घेतला होता. बी निसटून उडाली. लेकीने ती शोधून आणून दिली. जलालुद्दीनने गाडीला किक मारली. त्या वेळी तो थांबला नाही, हे त्याला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

त्याला वाटलं होतं, झालं तेवढं झालं. पण रानातली बातमी पायाने चालते आणि तरी गाडीच्या आधी पोचते. सकाळी दुकानात वारलू गायता हजर. सायकलच्या कॅरिअरवर, लुगड्यात गुंडाळलेली चक्की.

"ही कायले आणली?" जलालुद्दीन गडबडला. "मी मागतली नाई."

"रुखमाबाईनं सांगतलं. तुमचं सरकारी काम हाये म्हणते, चक्की कोणाकडं दिसाले नाई पाह्यजे." वारलूने चक्की उतरवून कोपऱ्यात ठेवली. "गावात सांगून ठेवलं भाऊ. कोणी आलं तं कोणी बोलणार नाई."

बाजाराच्या दिवशी तर रीघच लागली. कोणी डोक्यावरून आणली, कोणी काळीपिवळीच्या टपावरून. एका म्हातारीने दोन कोस पायी आणली आणि चहासुद्धा न घेता ती परत निघाली, कारण उन्हं चढायच्या आत तिला रानात पोचायचं होतं. कोणीही कारण विचारलं नाही. भाऊचं काम हाये, एवढं त्यांना पुरत होतं. ऐन हंगामात लोकांनी हातातलं अवजार सोडलं होतं आणि वर तेच त्याला धीर देत होते. जलालुद्दीन प्रत्येकाला नाही नाही म्हणत राहिला, पण घेऊन जा, असं ठामपणे तो एकालाही म्हणाला नाही. रात्री चक्क्यांच्या ढिगावर त्याने ताडपत्री टाकली.

"लागलं ना नाव?" जाहिदा दारातून म्हणाली, आणि आत निघून गेली.

त्या आठवड्यात त्याच्या हातून धड काम झालं नाही. एका फाटकाची बिजागरी उलटी बसली, गिऱ्हाईक बोलून गेलं. शुक्रवारी नमाजहून आल्यावर त्याने ताडपत्री काढली. निदान पुसून, तेल घालून ठेवाव्यात, असा विचार होता. एक चक्की त्याने मांडीवर घेतली, आणि तो थबकला. दांडा त्याचा नव्हता. त्याचा दांडा सरळ होता. हा वाकडा, कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा, हाताला सोपा जाणारा. दुसरी घेतली. तिची फळी मध्ये कोरून खोलगट केली होती, दिवसभर बसलं तरी मांडीला लागू नये म्हणून. तिसरीच्या चकतीखाली रबराची चकती होती, आवाज कमी होण्यासाठी असावी. एकही चक्की त्याने दिली तशी राहिली नव्हती.

आणि एका चक्कीला पत्र्याचा ओठ होता.

डब्याचा पत्रा कापून, खिळ्यांनी ठोकून, चकत्यांभोवती उभा केलेला ओठ. जलालुद्दीनने तो कधीच बसवला नव्हता. दुकानातल्या चक्कीला तो नव्हता. पांढऱ्या गाडीतल्या तरुणाने मापं घेतली तेव्हाही नव्हता. पण निशातच्या मोबाइलमधल्या चित्रात होता. तो कंपनीने वाढवला असेल, असं त्याने धरून चाललं होतं. म्हणजे तो तरुण इथून उठून पुढे गावांत गेला होता, आणि तिथेही कोणी तरी त्याला चहा पाजला होता.

ती चक्की कोणाची ते त्याने वारलूकडून काढलं. पलीकडच्या गावच्या मंगलीची. तो तिच्याकडे गेला, तेव्हा मंगली लाजून पदर चावत म्हणाली, "दाणे उडत होते भाऊ, कोंबड्या खाऊन टाकत होत्या. म्हून लावला. काही खराब झालं का?"

"नाई," जलालुद्दीन म्हणाला. "खराब काऊन होईन? चांगला हाये."

घरी येताना वाटेत तो गाडी उभी करून सागाच्या झाडाखाली बराच वेळ बसला. निशातने आणून दिलेल्या वकिलाच्या कागदावर लिहिलेलं होतं की हे सगळं यंत्र, चित्रात दिसतं तसं, माझं आणि माझ्या एकट्याचं आहे. त्यावर तो सही करणार होता. मंगलीचा ओठ आपल्या नावावर करणार होता, आणि मंगलीकडूनच वदवून घेणार होता की तिने चक्की कधी पाहिलीच नाही. कंपनीने त्याच्याशी जे केलं, त्याहून हे वेगळं नव्हतं. त्याला स्वतःचीच शरम वाटली, आणि शरमेपेक्षाही जास्त वाईट वाटलं, कारण आता नाव जाणार हे त्याला कळून चुकलं होतं.

शनिवारी निशात आली, तेव्हा त्याने सांगितलं. ती आधी शांतपणे समजावत राहिली.

"मंगलीचंही नाव टाकू अब्बा. दोन नावं टाकता येतात."

"आणि दांडा वाकवणाऱ्याचं? फळी कोरणाऱ्याचं?"

"सगळ्यायचं टाकू!"

"आणि त्याईनंच म्हणाचं, का आम्ही चक्की पाह्यली नाई? ज्याईनं सुधारली, त्याईनंच?"

निशातचा बांध फुटला. "मी गावोगाव सांगत फिरते अब्बा. लोकाईले म्हणते, तुमचं ते तुमच्या नावावर राह्यलं पाह्यजे. आणि माह्याच बापाचं नाव कुठी नाई! ती कंपनी चोर हाये, तुम्ही नाई. मंग काऊन तुम्हीच सोडाचं?"

हा प्रश्न खोटा नव्हता. जलालुद्दीनने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या कामाला त्याने कधी खोटं मानलं नव्हतं. अर्ज आधी केला असता तर आज ही वेळ आली नसती, हे त्याला आता पुरतं समजलं होतं.

"मलेही पाह्यजे होतं बेटा," तो म्हणाला. "लय पाह्यजे होतं."

रविवारी त्याने ओळखीचा एक टेम्पो मागून आणला. एकेका चक्कीला तेल घालून तो गावोगाव गेला आणि ज्याची त्याच्या दारात उतरवली. वापरा, म्हणाला, आणि कोणी विचारलं तं खरं सांगा. रुखमाबाईची चक्की त्याने सगळ्यात आधी दिली. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. त्याने चिंधीकडे पाहिलं, तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. माफी मागायची असं घरून ठरवून निघालेला जलालुद्दीन तिथे नुसती चक्कीची स्प्रिंग दाबून बघत राहिला. रुखमाबाईनेच विचारलं, "मंग नावाचं कसं होईन भाऊ?"

"नाई होत," तो म्हणाला.

सुनावणी पुढच्या हिवाळ्यात लागली. निशातच्या केंद्रातल्या एका खोलीत मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. पडद्यावर एका चौकटीत पेटंट कार्यालयातले अधिकारी, दुसरीत कंपनीच्या वकीलबाई, तिसरीत नागपूरचे वकील. इकडे जलालुद्दीन, इस्त्रीचा कुर्ता घालून. शेजारी रुखमाबाई, आणि मध्ये निशात. अधिकारी हिंदीत बोलत होते, शांत आणि सभ्य वाटत होते.

रुखमाबाईने सांगितलं, चक्की तिच्याकडे कधी आली, कुठे ठेवली, कोणी कोणी फिरवली. वारलूचं आणि मंगलीचं लेखी म्हणणं आधीच पाठवलं होतं. कंपनीच्या वकीलबाईंनी विचारलं, दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट इतकी नक्की कशी आठवते?

"पंडुम इसरते का कोणी?" रुखमाबाईने त्यांनाच उलट विचारलं. "हात गेल्यावर चारोळी माह्या घरातून बंद झाली होती. त्या साली पह्यल्यांदा मी माह्या हातानं देवापुढं दाणे ठेवले. सगळ्या गावानं पाह्यलं."

निशातने ते हिंदीत सांगितलं.

मग अधिकाऱ्यांनी जलालुद्दीनला नावाने हाक मारली. त्यांनी समजावून सांगितलं, की आपल्या हरकतीत दोन मुद्दे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. यंत्र आधीच लोकांच्या वापरात होतं, हा मुद्दा आपण धरला आहे. तेव्हा हा शोध आपला आहे आणि पेटंट आपल्या नावे व्हावं, ही मागणी आपण मागे घेता का? हे आपल्या तोंडून यायला हवं.

"जी," जलालुद्दीन म्हणाला. "मागे घेतो."

पडद्यावरची चित्रं अडकली होती. अधिकाऱ्यांचे ओठ हलले, आवाज उशिरा आला. ऐकू आलं नाही, कृपया पुन्हा सांगा.

"मागे घेतो," तो मोठ्याने म्हणाला.

अजूनही तुटक येत होतं. त्यांनी पुन्हा विनंती केली, पूर्ण वाक्यात सांगा, नोंदीसाठी लागतं. जलालुद्दीन खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेला. "माझी मागणी," तो म्हणाला, आणि थांबला. त्याने पुन्हा सुरुवात केली. "माझी..." पुढचा शब्द निघेना. एवढा खणखणीत आवाजाचा माणूस, भर बाजारात हाक मारली तर बसस्टँडवर ऐकू जायची, आणि आता पडद्यापुढे नुसता उभा राहिला. रुखमाबाई खाली बघत होती.

निशात उठली. तिने माइक आपल्याकडे ओढला आणि बापाच्या कोपराला धरलं. गावोगावच्या सभांत ती बोलायची, तशीच ती सावकाश आणि शब्दन्‌शब्द स्पष्ट बोलली.

"मुलचेरा, जिल्हा गडचिरोली इथले जलालुद्दीन शेख, या यंत्राचे शोधकर्ते, आपली मागणी मागे घेत आहेत."

नेमक्या त्या क्षणी जोडणी सुधारली. "हाँ, अब साफ़ आया," अधिकारी म्हणाले, आणि तेच वाक्य समोरच्या कागदावर लिहू लागले. ते लिहून होईपर्यंत जलालुद्दीन पडद्यापुढे तसाच उभा होता.